ड्रोनबरोबर ट्रॅक्टरवरच्या जीपीएस लाइटबारचाही विचार व्हावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ड्रोनने होणाऱ्या फवारणीविषयी आपल्या दैनिकात गेले काही महिने सातत्याने मजकूर येत आहे. तो वाचताना असे वाटते की जणू आता ट्रॅक्टरमागे बूम, म्हणजे नोझल बसवलेला लांब आडवा दांडा, लावून फवारणी करणारे कोणी उरलेलेच नाही. वस्तुस्थिती तशी नाही. विदर्भ-मराठवाड्यात जिथे सोयाबीन, कापूस, तूर, मका आणि हरभरा ही पिके सलग मोठ्या तुकड्यांवर ओळीने घेतली जातात, तिथे पाठीवरच्या पंपाला मजूर मिळत नाही म्हणून ट्रॅक्टरचलित बूम फवारणी यंत्रे भाड्याने घेण्याचे प्रमाण वाढते आहे. या यंत्रांसाठी जगात गेली तीसेक वर्षे वापरात असलेले एक साधे साधन आपल्याकडे जवळजवळ कोणाला ठाऊक नाही. त्या साधनाची, म्हणजे जीपीएस लाइटबारची, बाजू मांडावी आणि त्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगाव्यात, यासाठी हा पत्रप्रपंच.

पत्र ठाण्याहून येत असल्याने या विषयाशी माझा संबंध काय, हा प्रश्न रास्त आहे. माझी नोकरी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात मोजमापाची उपकरणे बनवणाऱ्या एका कारखान्यात झाली, आणि वाशीम जिल्ह्यातली आमची वडिलोपार्जित सोयाबीन-तुरीची जमीन भावकीतली मंडळी पाहतात. ठाणे, डोंबिवली, ऐरोली, कोपरखैरणे या भागांत माझ्यासारखी हजारो कुटुंबे आहेत, ज्यांचा पगार इथला आणि सातबारा तिकडचा. औषध आम्ही घेऊन देतो, ट्रॅक्टरवाल्याचे एकरी भाडे फोनवरून पाठवतो, आणि फवारणी कशी झाली हे आम्हाला महिन्याभराने, गावी गेल्यावर धुऱ्यावर उभे राहूनच कळते. श्रावणात पीक गुडघ्याएवढे झाले की शेत स्वतःच बोलू लागते. दोन फेऱ्यांच्या मध्ये सुटलेल्या जागेत तणाचा हिरवागार पट्टा टोकापासून टोकापर्यंत उभा असतो, आणि जिथे एका फेरीवर दुसरी चढली तिथे सोयाबीन खुरटलेले आणि पिवळसर दिसते.

लाइटबार म्हणजे चालकाच्या समोर, स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला बसवलेली वीतभर ते हातभर लांबीची दिव्यांची आडवी पट्टी. तिला जोडलेला उपग्रह-रिसीव्हर ट्रॅक्टरच्या छतावर बरोबर मध्यरेषेत बसवतात. पहिली फेरी सुरू करताना चालक एक बटण दाबतो, त्याला ‘अ’ बिंदू म्हणू. शेताच्या दुसऱ्या टोकाला पोहोचल्यावर पुन्हा दाबतो, तो ‘ब’ बिंदू. या दोन बिंदूंमधून जाणारी रेष आणि बूमची रुंदी एवढ्या माहितीवर यंत्र त्या रेषेला समांतर अशा पुढच्या सगळ्या फेऱ्या आखून ठेवते. ट्रॅक्टर आपल्या रेषेवर असला की मधला हिरवा दिवा लागतो. डावीकडे सरकला तर एका बाजूचे, उजवीकडे सरकला तर दुसऱ्या बाजूचे दिवे लागत जातात, आणि जितके अधिक दिवे तितकी चूक मोठी. ट्रॅक्टर वळवायचा चालकानेच. स्टिअरिंग आपोआप फिरवणारी महागडी यंत्रणा ती वेगळी. तिचा आणि लाइटबारचा घोळ आपल्याकडच्या विक्रेत्यांच्या पत्रकांतही घातलेला आढळतो.

हे साधन मूळचे विमानातून फवारणी करणाऱ्यांचे. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या फवारणी विमानांत ते आले आणि तिथून जमिनीवरच्या यंत्रांकडे उतरले. त्याआधी शेताच्या दोन्ही टोकांना झेंडे घेऊन माणसे उभी करत, किंवा बूमच्या टोकातून साबणाच्या फेसाचे गोळे जमिनीवर सोडून पुढच्या फेरीसाठी खूण ठेवत. अमेरिकी सरकारने नागरी जीपीएस संदेशात मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली आणि त्यानंतर ही साधने सुधारली व स्वस्तही झाली. आपल्याकडे झेंड्याच्या जागी आजही काठीला फडके बांधून धुऱ्यावर एखादे पोर उभे करतात. बूम त्याच्याजवळ येऊन वळतो तेव्हा फवाऱ्याचा बाजूला उडणारा अंश त्या पोराच्या अंगावर जातो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या घटनांची कारणे वेगळी आणि अनेक होती, हे मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की निव्वळ खुणेचा खांब म्हणून माणसाला फवाऱ्यात उभे करण्याची पद्धत बंद व्हायला एवढे एक कारण पुरेसे असायला हवे होते.

आता मुख्य आक्षेपाकडे वळतो, कारण तो मला गावातल्या जाणत्या शेतकऱ्यांनीच ऐकवला आहे आणि तो चुकीचा नाही. पीक ओळीत आहे, तास (म्हणजे पिकाच्या ओळी) डोळ्यांना दिसतात, चाके दोन तासांच्या मधूनच न्यायची आहेत, मग दिव्यांची पट्टी सांगणार ती काय? उगवलेल्या सोयाबीनमध्ये ट्रॅक्टर सरळ ठेवण्याचे काम तासच करतात, आणि अशा वेळी जो चालक दिव्यांकडे बघत बसेल तो पीक तुडवेल. ओळीच्या पिकात लाइटबारची खरी गरज दोन ठिकाणी असते, आणि खरेदीचा निर्णय त्या दोन ठिकाणांवरच व्हायला हवा.

पहिले ठिकाण म्हणजे पेरणी आणि उगवण यांमधले दोन-तीन दिवस. पेंडीमिथिलीनसारखी उगवणपूर्व तणनाशके याच दिवसांत मारावी लागतात. तेव्हा शेतात एकही तास दिसत नाही, नुकत्याच फिरलेल्या पेरणी यंत्राच्या फणांच्या खुणा एका सरीने पुसलेल्या असतात, आणि फवारलेली ओली माती व पावसाने ओली झालेली माती यांत फरक करणे सरावलेल्या नजरेलाही जमत नाही. सोयाबीनमध्ये वापरले जाणारे डायक्लोसुलाम हे तणनाशक तर एकरी अवघे १२.४ ग्रॅम लागते. इतक्या अल्प मात्रेच्या औषधाची फेरी फेरीवर चढली की त्या पट्ट्यात मात्रा थेट दुप्पट होते, आणि फेरी सुटली की तिथे शून्य.

दुसरे ठिकाण म्हणजे तासांची मोजणी. उगवलेल्या पिकात चाके कुठल्याही दोन तासांमधून सरळ जातील, पण नेमक्या कोणत्या दोन तासांमधून जायला हवे हे ओळखण्यासाठी चालकाला दर वळणावर, धुऱ्यावर ट्रॅक्टर वळवता वळवता, वीस तास मोजावे लागतात. ९ मीटरचा बूम आणि ४५ सेंटीमीटरवर पेरलेले सोयाबीन असेल तर एका फेरीत बरोबर २० तास येतात. चालक एकोणीस मोजून आत शिरला की एक तास दोनदा भिजला, एकवीस मोजून शिरला की एक कोरडा राहिला. इथे लाइटबार ‘या गल्लीत शीर’ एवढे सांगून मोकळा होतो, आणि पुढचे काम तास करतात. सहा तासांनंतर सातवा रिकामा सोडण्याची पट्टापेर पद्धत ज्यांनी स्वीकारली आहे त्यांना ही मोजणी बरीच सोपी जाते, आणि ज्याच्या शेतात पट्टे नीट आखलेले आहेत त्याने लाइटबारवर पैसे घालण्याआधी दोनदा विचार करावा, असे मी स्पष्टच म्हणेन. मात्र पट्टे असोत वा नसोत, बूमची रुंदी पेरणी यंत्राच्या रुंदीच्या पूर्ण पटीत असणे अगत्याचे आहे. पाच फणांचे पेरणी यंत्र ४५ सेंटीमीटर अंतराने २.२५ मीटर पेरते. त्याच्या चार फेऱ्या म्हणजे ९ मीटर. पेरणीच्या दोन फेऱ्यांच्या सांध्यावरचे अंतर कधी चाळीस तर कधी साठ सेंटीमीटर होतेच. बूम आणि पेरणी यंत्र पटीत असतील तर फवारणीच्या दोन फेऱ्यांचा सांधा पेरणीच्या सांध्यावरच येतो आणि ती चूक पुढे साचत जात नाही. हे गणित कोणत्याही उपग्रहाविना करता येते.

पैशांचा हिशेब अवघड नाही. समजा, २०० मीटर लांब आणि तितकेच रुंद शेत आहे, म्हणजे दहा एकरांना थोडे कमी. दर फेरीला फक्त एका तासाची, ४५ सेंटीमीटरची चढण झाली तरी ती बूमच्या रुंदीच्या ५ टक्के होते, आणि संपूर्ण शेतात मिळून जवळजवळ अर्ध्या एकरावर दुप्पट औषध पडते. चढणीऐवजी तितकीच जागा सुटली तर अर्धा एकर तणाला मोकळा. एकरी भाड्यावर काम करणाऱ्या चालकाचा कल साहजिकच फेऱ्या कमी करण्याकडे, म्हणजे जागा सुटण्याकडे असतो. औषध शेतकऱ्याचे असल्यामुळे चढणीची काळजी त्याला नसते आणि तणाची तर नसतेच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. चढला किती, सुटला किती, हे त्यालाही कळत नाही, कारण ९ मीटरच्या बूमचे टोक त्याच्या आसनापासून साडेचार मीटर दूर असते.

आता अचूकतेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण ‘जीपीएस’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडे लोक खिशातला फोन काढतात. फोनवर चालणारी, पडद्यावरच दिव्यांची पट्टी दाखवणारी अॅप उपलब्ध आहेत. परंतु मोकळ्या आकाशाखालीही फोनने दाखवलेली जागा खऱ्या जागेपासून पाच मीटरपर्यंत इकडे-तिकडे असू शकते, आणि तो आपली जागा बहुधा सेकंदाला एकदाच नव्याने सांगतो. ताशी ४ किलोमीटर वेगाने जाणारा ट्रॅक्टर तेवढ्यात मीटरभर पुढे गेलेला असतो. नौपाड्यातली गल्ली शोधायला ही अचूकता चालते. वीस तास मोजायला नाही. लाइटबारबरोबर येणारा रिसीव्हर सेकंदाला पाच ते दहा वेळा जागा सांगतो आणि मुख्य म्हणजे उपग्रहाद्वारे मिळणारी दुरुस्ती वापरतो. भारतात ही दुरुस्ती ‘गगन’ या यंत्रणेकडून मिळते. भारतीय अंतराळ संशोधन संस्था आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी ती मुळात विमानांसाठी उभारली असली तरी तिचा संदेश कोणालाही विनामूल्य घेता येतो. परदेशातून आलेल्या लाइटबारमध्ये पुष्कळदा अमेरिकेची किंवा युरोपची दुरुस्ती सेवा निवडलेली असते. ती बदलून ‘गगन’ निवडल्याखेरीज विकत घेतलेली अचूकता पेटीतच राहते. विक्रेत्याने ही निवड आपल्यासमोर करून दाखवावी, असा आग्रह धरायला हवा.

अशा रिसीव्हरची एका फेरीपासून दुसऱ्या फेरीपर्यंतची अचूकता उत्पादक १५ ते ३० सेंटीमीटर सांगतात. हा आकडा सलग दहा-पंधरा मिनिटांच्या कामापुरता असतो, आणि हे कलम पत्रकात शोधावे लागते. उपग्रहांच्या कक्षा आणि वरच्या वातावरणातला विद्युतभारित थर यांमुळे येणारी चूक हळूहळू सरकत असते. लागोपाठच्या दोन फेऱ्यांत ती जवळजवळ सारखीच असल्यामुळे दोहोंमधले अंतर बरोबर येते. मध्ये तासभर काम थांबले तर मात्र आखलेली रेष जमिनीवरून सरकलेली असते. टाकी भरायला गेलेला ट्रॅक्टर परत येतो तेव्हा हे नेमके दिसते. मधला हिरवा दिवा निवांत लागलेला असतो, आणि मागे वळून पाहावे तर चाकाचा मघाचा माग अपेक्षित जागेपासून हात-दीड हात बाजूला. अनुभवी चालक अशा वेळी दिव्यांवर विसंबत नाही. तो ट्रॅक्टर मघाच्या मागावर उभा करतो, रेष सरकवण्याचे बटण दाबून यंत्राला ‘आपण इथे आहोत’ असे सांगतो आणि मगच पुढची फेरी धरतो. ६०० लिटरची टाकी तीनेक एकरांत संपत असल्यामुळे हे दिवसातून अनेकदा करावे लागते. जूनमध्ये पेरणी करताना साठवलेली रेष जुलैतल्या फवारणीला जशीच्या तशी वापरू नये, तेही याच कारणाने.

आपल्या अक्षांशावर आणखी एक अडचण आहे, जी अमेरिकी किंवा युरोपी माहितीपत्रकात सहसा सापडणार नाही. सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत विषुववृत्तानजीकच्या पट्ट्यात वरच्या वातावरणातला तो विद्युतभारित थर विस्कळीत होतो आणि उपग्रहांचे संदेश लुकलुकू लागतात. मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास, तसेच सूर्यावरील डागांची संख्या वाढलेल्या वर्षांत, हे प्रमाण अधिक असते. आमच्या नवी मुंबईच्या परिसरातच, नवीन पनवेलला, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे आणि वातावरणाच्या याच थराचा अभ्यास तिथे चालतो. त्या ज्ञानाचा एखादा सोपा, शेतकऱ्याला वाचता येईल असा तक्ता कृषी विभागाने संस्थेकडून मागून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. वारा पडतो म्हणून रात्रीची फवारणी परदेशात लोकप्रिय आहे आणि लाइटबारची जाहिरातही मुख्यतः त्यासाठीच होते. आपल्याकडे हरभऱ्यावर संध्याकाळी उशिरा फवारणी करणाऱ्याने दिवे अकारण इकडे-तिकडे उड्या मारू लागले तर यंत्र बिघडले असे न समजता काम पहाटेपर्यंत थांबवावे.

बसवण्यातल्या चुका त्यामानाने लगेच सुधारता येतात. रिसीव्हर जमिनीपासून पावणेतीन मीटर उंचीवर असेल आणि जमिनीला पाच अंशांचा आडवा उतार असेल, तर ट्रॅक्टर कलल्यामुळे छतावरचा रिसीव्हर चाकांच्या मध्यापासून २४ सेंटीमीटर बाजूला जातो. म्हणजे दोन तासांमधल्या अंतराच्या निम्म्याहून अधिक चूक निव्वळ उतारामुळे. उताराच्या रानात ही चूक भरून काढणारी सोय असलेलेच यंत्र घ्यावे किंवा फेऱ्या उताराच्या दिशेनेच माराव्यात. मात्र त्याने पावसाचे पाणी चाकांच्या मागातून धावते, तेव्हा पहिला मार्ग बरा. दिव्यांची संवेदनक्षमता फार बारीक ठेवली तर चालक प्रत्येक दिव्यामागे स्टिअरिंग फिरवत राहतो आणि फेरी नागमोडी होते. लांबच्या झाडावर नजर ठेवून दिव्यांकडे अधूनमधून पाहणारा चालक त्याच यंत्रावर सरळ रेष काढतो.

या सगळ्यात एक गोष्ट मागे पडू नये, ती अशी की लाइटबार फक्त बूम कुठून गेला हे सांगतो. बूममधून काय आणि किती पडले हे नाही. ताशी ४ किलोमीटर वेग, ५० सेंटीमीटरवर नोझल आणि प्रत्येकातून मिनिटाला १.६ लिटर, असे असेल तर हेक्टरी ४८० लिटर पाणी पडते. चालकाने वेग ताशी ५ केला की तेच ३८४ वर येते, म्हणजे पाचवा हिस्सा औषध कमी. आणि दिवे मात्र आपले हिरवेच. झिजलेल्या नोझलचा प्रवाह नव्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक झाला की ते बदलावे, हा नियम जुना आहे. परंतु बादली आणि घड्याळ घेऊन प्रत्येक नोझलखाली मिनिटभर पाणी मोजणारा भाड्याचा ट्रॅक्टरवाला मी अजून पाहिलेला नाही. तणनाशकाला सपाट पंख्यासारखा फवारा देणारे नोझल लावावे, कीटकनाशकासाठीचे पोकळ शंकूचे तसेच ठेवून चालवू नये, हेसुद्धा सांगावे लागते. ज्याची नोझले तपासलेली नाहीत त्याच्या यंत्रावर लाइटबार बसवणे म्हणजे आडात नसताना पोहऱ्यात शोधणे होय.

ठाणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर मुरबाड-शहापूरच्या भातखाचरांत या साधनाचा काही उपयोग नाही, आणि तिथल्या शेतकऱ्याच्या गळ्यात ते कोणी मारू नये. बांधाबांधांनी तुटलेल्या खाचरात ९ मीटरचा बूम फिरणारच नाही. रब्बीतल्या भेंडी-काकडीचे तुकडेही गुंठ्यांत मोजायचे असतात. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार राज्यातली सरासरी धारणा १.३४ हेक्टर आहे, त्यामुळे हाच आक्षेप उरलेल्या महाराष्ट्राबाबतही घेता येईल. चाळीस मीटर रुंदीच्या एकरभर शेतात पाच फेऱ्यांत काम संपते आणि तिथे नजर पुरते. पण भाड्याचा ट्रॅक्टर एका मालकाच्या एका एकरासाठी घेतलेला नसतो. तो एका हंगामात कित्येक मालकांची शेते करतो, त्यांतली काही पाच-दहा एकरांची सलग असतात, आणि प्रत्येक शेतात ‘अ’ आणि ‘ब’ बिंदू नव्याने घेण्यास एका फेरीहून अधिक वेळ लागत नाही. म्हणून हे साधन वैयक्तिक शेतकऱ्याला नव्हे, तर औजार बँकेला आणि भाड्याने यंत्र देणाऱ्या गटाला द्यावे, हे माझे मुख्य म्हणणे आहे.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्यासाठी १,२६१ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली आणि किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये, अनुदान ठरवण्यात आले. ड्रोनला माझा विरोध नाही. जुलैत रान चिखलमय असताना, किंवा ऊस डोक्यावर गेल्यावर, तिथे ट्रॅक्टर जाऊच शकत नाही आणि ड्रोन जातो. परंतु ड्रोन जे करतो ते उपग्रहाच्या आधारे समांतर फेऱ्या मारण्याचेच काम आहे. हवेतल्या यंत्राला ज्या तत्त्वासाठी लाखो रुपये द्यायचे, तेच तत्त्व जमिनीवरच्या यंत्राला त्या रकमेच्या लहानशा अंशात मिळत असताना त्याचे नावही कोठे घेतले जात नाही, हे समजण्यापलीकडचे आहे. २०१४-१५ पासून चाललेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून बूम फवारणी यंत्र घेणाऱ्या औजार बँकांना लाइटबार हा त्या यंत्राचाच भाग म्हणून मिळावा, स्वतंत्र अर्जाचा आणि स्वतंत्र सोडतीचा व्याप लावू नये.

त्याचबरोबर अतिउत्साहही टाळावा. भूमी अभिलेख विभाग मोजणीसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संदर्भ स्थानकांच्या जाळ्यावर चालणारे रोव्हर, म्हणजे हाती नेता येणारे उपग्रह-रिसीव्हर, वापरतो आणि त्यांची अचूकता काही सेंटीमीटरची असते. मग तेच ट्रॅक्टरवर का नको, असा प्रश्न कोणीतरी विचारेल. हाताने स्टिअरिंग फिरवणारा चालक उत्तम असला तरी वीतभर इकडे-तिकडे होणारच. त्याच्या समोर दोन सेंटीमीटरच्या अचूकतेचे दिवे लावून खर्च वाढेल, रेष सुधारणार नाही. ती अचूकता आपोआप वळणाऱ्या स्टिअरिंगसाठी आणि पेरणीसाठी राखावी. फवारणीला ‘गगन’ची दुरुस्ती घेणारा साधा लाइटबार पुरेसा आहे.

शेवटी मालक म्हणून माझी एक मागणी आहे, आणि शहरात राहून गावची शेती सांभाळणाऱ्या इतर वाचकांनाही ती पटेल. थोड्या वरच्या दर्जाच्या लाइटबारमध्ये फवारलेल्या क्षेत्राची नोंद आणि नकाशा राहतो. टाकी कोठे संपली, फेरी कोठे चढली, कोठे सुटली, हे त्यावर दिसते. औजार बँकेने भाड्याच्या पावतीसोबत हा नकाशा शेतकऱ्याच्या फोनवर पाठवण्याची अट अनुदानाच्या आदेशातच घालावी. कृषी विज्ञान केंद्रांनी चालकांचे प्रशिक्षण घ्यावे, आणि त्यात दिव्यांपेक्षा अधिक वेळ बादली-घड्याळाच्या मोजणीला आणि रेष सरकवण्याच्या सरावाला द्यावा. मात्र हे सर्व मे महिनाअखेरपर्यंत उरकायला हवे. एकदा मृगाचा पाऊस झाला की ट्रॅक्टरवाल्याचा फोनही लागत नाही. नवे यंत्र शिकायला त्याला तेव्हा उसंत कोठून मिळणार?

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)